निकॉन झेड ८: सोलापूरच्या माळावर आणि गड्ड्याच्या यात्रेत

निकॉनचा प्रवेश-श्रेणीचा डीएसएलआर डी५६०० आणि ७०-३०० लेन्स घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर जाणाऱ्याने नुसती झेड ८ ची बॉडी विकत घेतली आणि लेन्स तीच ठेवली, तर माळावरचा धाविक पक्षी फोटोत आधीपेक्षा कमी पिक्सेलांत उतरेल. दुकानात हे कोणी सांगत नाही, म्हणून परीक्षणाची सुरुवात इथूनच.

हिशेब सरळ आहे. डी५६०० च्या २३.५ मिमी रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल बसवले आहेत, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे २५५. झेड ८ च्या ३५.९ मिमी रुंदीत ८२५६ पिक्सेल आहेत, म्हणजे दर मिलिमीटरला २३०. त्याच लेन्सने, तेवढ्याच अंतरावरून घेतलेला जो पक्षी जुन्या कॅमेऱ्यात १००० पिक्सेल लांब दिसत होता, तो नव्यात ९०० च्या आसपास येतो. ४५.७ मेगापिक्सेलचा आकडा सगळ्या फ्रेमचा असतो. पक्षी फ्रेमच्या मधल्या तुकड्यात असेल आणि डीएक्स क्रॉप केला (सेन्सरचा डी५६०० एवढा मधला भागच वापरला), तर हाती १९.४ मेगापिक्सेल राहतात. डी५६०० मध्ये २४.२ होते. जास्त आयएसओवर कमी नॉइज येण्याचा मोठ्या सेन्सरचा फायदाही या क्रॉपमध्ये जवळजवळ संपतो, कारण पक्ष्याच्या वाट्याला आलेला प्रकाश तेवढाच असतो.

मग २०२३ च्या मे महिन्यात ३,४३,९९५ रुपयांना बाजारात आलेल्या या बॉडीत एवढे पैसे कशाचे? मुख्यतः अचूक नेमाचे. उडणारा भोवत्या (शिकारी पक्षी), पळणारा काळवीट, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेत उंच काठी पेलत येणारा नंदीध्वजधारी: हलत्या विषयाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणं आणि शंभर फ्रेमपैकी बहुतेक कामाच्या मिळणं, हे या कॅमेऱ्याचं खरं काम. ते तो इतकं चांगलं करतो की प्रवेश-श्रेणीच्या डीएसएलआरवरून येणाऱ्याला आधी आपली बटण दाबण्याची सवय बदलावी लागते.

डी५६०० मध्ये ३९ फोकस पॉइंट आहेत आणि ते फ्रेमच्या मधल्या भागात गोळा झालेले आहेत. त्यामुळे विषय मध्यभागी धरायचा आणि मग चौकट सरकवायची, अशी सवय लागते. झेड ८ मध्ये ४९३ पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत पसरले आहेत, आणि माणूस, प्राणी, वाहन, विमान यांची ओळख कॅमेरा स्वतः करतो. पक्ष्यांसाठी वेगळा पर्याय फेब्रुवारी २०२४ च्या २.०० फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये) आला. जुन्या स्टॉकमधली किंवा वापरलेली बॉडी घेतली तर सेटअप मेनूत फर्मवेअर क्रमांक आधी बघा. पक्ष्यांचा पर्याय आकाशातल्या आणि पाण्यावरच्या पक्ष्यांवर पटकन फरक दाखवतो.

माळरानावर मात्र ही ओळख चुकते, आणि कुठे चुकते ते माहीत असलं पाहिजे. नान्नजचं गवत डिसेंबरनंतर पिवळं-तपकिरी होतं. त्यात बसलेली पखुर्डी किंवा चंडोल कॅमेऱ्याला पक्षी म्हणून दिसतच नाही. ऑटो-एरिया मोड ठेवला तर फोकस समोरच्या गवताच्या काडीवर जातो आणि तिथेच चिकटतो. उपाय असा: बसलेल्या पक्ष्यासाठी सिंगल-पॉइंट वापरून आधी फोकस पक्ष्याच्या अंगावर आणायचा, आणि मग हलत्या विषयामागे फोकस नेणाऱ्या थ्रीडी ट्रॅकिंगवर जायचं. त्यासाठी पुढचं एफएन१ बटण थ्रीडी ट्रॅकिंगला आणि मागचं एएफ-ऑन बटण चालू एरिया मोडला नेमून द्यावं. पक्षी उडाला की फक्त बोट बदलायचं, मेनूत जायचं नाही. फोकस फारच मागे, क्षितिजावर गेला असेल तर रिंग हाताने फिरवून अंदाजे जवळ आणावी. मागे गेलेल्या फोकसवरून जवळचा लहान पक्षी शोधायला सगळेच मिररलेस कॅमेरे अडखळतात, हाही अडखळतो.

या कॅमेऱ्यात यांत्रिक शटर मुळातच नाही. सेन्सर सुमारे १/२७० सेकंदात वाचला जातो, त्यामुळे स्वस्त मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये कॅमेरा फिरवताना उभे खांब तिरके दिसतात तसं इथे व्यवहारात होत नाही. रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलीत) सेकंदाला २० फ्रेम, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मधे काळोख नाही. आवाज कृत्रिम असतो, तो बंद करता येतो. काळवीट बिचकत नाहीत, आणि यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा चालू असताना शेजारच्याचं लक्षही जात नाही.

वेडा राघू उडण्याच्या क्षणासाठी प्री-रिलीज कॅप्चर आहे: बटण पूर्ण दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम तो जपून ठेवतो. पण फक्त जेपीईजीमध्ये. सी३० मध्ये (सेकंदाला ३० फ्रेम) पूर्ण आकार मिळतो, सी६० मध्ये १९ मेगापिक्सेल, सी१२० मध्ये ११. इतक्या महागड्या बॉडीत रॉ शिवाय ही सोय देणं आम्हाला पटलेलं नाही, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात पंखांचा उजळ भाग जळाला की जेपीईजीत तो परत येत नाही. वापरायचीच असेल तर एक्स्पोजर ०.७ स्टॉप कमी ठेवा.

आता गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. जानेवारीत यात्रेत सात नंदीध्वज निघतात तेव्हा हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत असतात, वर डोक्यावर ऊन. सगळ्या चौकटीचा प्रकाश मोजणारं मॅट्रिक्स मीटरिंग ही पांढरी गर्दी बघून कधी सगळं राखाडी करतं, तर कधी मधे गडद पार्श्वभूमी आली की कपडे जाळून टाकतं. उजळ भाग जपणारं हायलाइट-वेटेड मीटरिंग लावा. सावलीतले चेहरे काळपट येतील, पण बेस आयएसओ ६४ आहे आणि त्या पातळीवरच्या रॉ मध्ये सावल्या दोन-अडीच स्टॉप उचलल्या तरी रंग टिकतो. आणखी एक उपयोगाची गोष्ट: या सेन्सरचं अंतर्गत अँप्लिफिकेशन आयएसओ ५०० ला बदलतं, त्यामुळे ४०० पेक्षा ५०० वरच्या सावल्या स्वच्छ असतात. प्रकाश कमी झाला की ३२० किंवा ४०० वर रेंगाळू नका, थेट ५०० वर जा.

गर्दीत माणसांची ओळख चालू ठेवली तर कॅमेरा त्याला आवडेल तो चेहरा धरतो, बहुतेक वेळा सर्वांत जवळचा. काठी पेलणाऱ्याचाच चेहरा हवा असेल तर वाइड-एरिया एस निवडून तो चौकोन त्याच्यावर ठेवावा. ओळख मग त्या चौकोनापुरतीच काम करते. शटर १/५०० पुरतो. काठी तोलताना चालीत बसणारा हिसका १/२५० ला हातांच्या टोकांवर दिसतो.

रात्रीचा प्रश्न वेगळा. यात्रेतल्या पाळण्यांवरचे, दुकानांवरचे आणि मिरवणुकीतल्या रथांवरचे एलईडी फार वेगाने लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरला त्याचे आडवे पट्टे दिसतात. याची दोन कारणं आहेत आणि उपायही दोन. विजेच्या ५० हर्ट्झमुळे होणारं लुकलुकणं सेकंदाला १०० वेळा असतं. त्यासाठी शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की बहुतेक काम होतं, किंवा मेनूतलं फोटो फ्लिकर रिडक्शन चालू करावं. एलईडी फलकांचं लुकलुकणं याच्या कितीतरी पट वेगवान असतं आणि प्रत्येक फलकाचं वेगळं. त्यासाठी हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन आहे: एस किंवा एम मोडमध्ये (जिथे शटरचा वेग आपण ठरवतो) ते चालू केलं की शटरचा वेग अगदी बारीक टप्प्यांत बदलता येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये फलकाकडे बघत डायल फिरवा, पट्टे फिके होतात तिथे थांबा. डी५६०० वाल्याच्या हे सहसा लक्षात आलेलं नसतं म्हणून पहिल्या रात्री कॅमेरा बिघडल्यासारखा वाटतो. बिघडलेला नसतो.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामासाठी आयएसओ ६४, एफ/११, शटर ३ ते ६ सेकंद, तिकाटणं, व्हीआर (हादरे शोषणारी सोय) बंद. फोकस लांबच्या दिव्यावर घेऊन मॅन्युअल करून ठेवा. झेड लेन्समध्ये फोकस रिंगला यांत्रिक जोड नसते, म्हणून कॅमेरा बंद करून चालू केला की फोकसची जागा हलू शकते. सेटअप मेनूत ‘सेव्ह फोकस पोझिशन’ चालू करून ठेवावं. जुना वायरचा रिमोट इथे चालणार नाही: डी५६०० ला एमसी-डीसी२ लागतो, झेड ८ ला दहा पिनांचं सॉकेट आहे. नवा रिमोट नसेल तर मोबाइलवरचं स्नॅपब्रिज किंवा दोन सेकंदांचा टायमर.

सोलापूरच्या हवेत या कॅमेऱ्याचं काय होतं, हा खरं तर सर्वांत मोठा भाग. कंपनीने वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिली आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा त्याच्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेली काळी बॉडी हवेपेक्षा जास्त तापते. फोटोच्या कामात सहसा अडचण येत नाही, पण सीएफएक्सप्रेस कार्ड लांब बर्स्टनंतर (सलग फोटोंच्या मालिकेनंतर) चटका बसेल इतकं गरम होतं. लगेच ओढून काढू नका, मिनिटभर थांबा. व्हिडिओबाबत कंपनीचे आकडे ४के ६०पी साठी १२५ मिनिटं आणि ८के ३०पी साठी ९० मिनिटं असे आहेत. पण ते बेताच्या तापमानातले. दुपारच्या लग्नात मांडवाखाली तेवढं धरून चालू नका. दोन चित्रणांच्या मध्ये कॅमेरा बंद करावा, स्क्रीन बॉडीपासून थोडा बाहेर ओढावा म्हणजे मागची उष्णता निघून जाते, आणि वर पांढरा ओला पिळलेला पंचा टाकावा. कापड बॉडीला चिकटून टपकत असेल तर मात्र नको, यूएसबीची झाकणं उघडी असतात तेव्हा तर अजिबात नको.

माळावर जास्त नुकसान करते ती झळ. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि ६०० मिमीला ती थरथर पूर्ण दिसते. डोळ्यावर फोकसचा चौकोन पक्का बसलेला, शटर १/२०००, तरीही पिसं लोण्यासारखी आणि गवताची कड वाकडीतिकडी: हे दिसलं की दोष लेन्सचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये नान्नजला आठ-साडेआठनंतर, थंडीत साधारण दहानंतर, पन्नास मीटरपलीकडचे फोटो घेण्यात अर्थ उरत नाही. अनेकजण या अनुभवावरून नवी लेन्स सर्व्हिसला पाठवतात. आधी पहाटे, २० मीटरवरच्या बोर्डावर तपासा. गाडीच्या खिडकीतून फोटो घेत असाल तर इंजिन आणि एसी दोन्ही बंद करा, समोरासमोरच्या काचा खाली करा. आतली गार हवा खिडकीतून बाहेरच्या गरम हवेत मिसळते ती नेमकी लेन्ससमोर, आणि घरचीच झळ तयार होते. गवताळ भागात वनखात्याची परवानगी आणि ठरलेली वाट सोडू नका. १९७९ पासून हे माळढोक अभयारण्य आहे आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं घर आहे.

धुळीसाठी झेड ८ मध्ये चांगली सोय आहे: कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरसमोर पातळ पडदा बंद होतो. ही सोय मेनूत ‘सेन्सर शील्ड बिहेव्हिअर अ‍ॅट पॉवर ऑफ’ या नावाने असते, ती ‘क्लोज’ वर आहे का बघा. लेन्स बदलण्याआधी बंद करायची सवय लावा, माउंट खाली करून बदला. पडद्यावर बोट किंवा जोरदार हवा लागता कामा नये, तो नाजूक आहे. ब्लोअर मारायचा तो मेनूतून पडदा उघडा ठेवूनच. डाग आहेत का ते बघायला एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन १०० टक्के मोठा करा. ओल्या स्वॅबने पुसायचं झालं तर डी५६०० चे १६ मिमी स्वॅब आता चालत नाहीत, २४ मिमीचे लागतात.

खर्चाची बाजू. पहिल्या दिवशी लागणाऱ्या गोष्टी बॉडीच्या खोक्यात नसतात. कार्डाचे खण दोन, पण वेगवेगळे: एक सीएफएक्सप्रेस टाइप बी, दुसरा एसडी. दोन्हींवर एकाच वेळी रॉ लिहायला लावलं तर वेग एसडीच्या पायाशी येतो. बर्स्टसाठी सीएफएक्सप्रेसवर रॉ आणि एसडीवर लहान जेपीईजी ठेवणं सोयीचं. लॉसलेस रॉ सुमारे ५५ एमबीची, हाय एफिशियन्सी स्टार ३३ ची, साधी हाय एफिशियन्सी २२ ची. स्टार आणि लॉसलेसमधला फरक छपाईत शोधून सापडत नाही, म्हणून स्टारच ठेवावी. तरीही सेकंदाला २० फ्रेमने १२८ जीबीचं कार्ड सव्वातीन मिनिटांत भरतं. कार्ड घेताना पाकिटावरचा मोठा ‘कमाल’ आकडा बघून फसू नका, सलग लिहिण्याचा वेग बघा, आणि कार्ड रीडर सोबतच घ्या. जुन्या संपादन सॉफ्टवेअरला हाय एफिशियन्सीची फाइल उघडतच नाही. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे आणि ते उघडतं. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर प्रत्येक फोटोला वाट बघावी लागेल.

बॅटरी ईएन-ईएल१५सी. डी५६०० ची बॅटरी बसत नाही. प्रमाणित चाचणीत डी५६०० ला एका चार्जवर ९७० फोटो, याला सुमारे ३३०. बर्स्टमध्ये प्रत्यक्ष आकडा कितीतरी जास्त निघतो, कारण इथे फोटोंपेक्षा चालू असलेला वेळ मोजायचा असतो. दिवसभराच्या यात्रेला तीन बॅटऱ्या धरा. पॉवर बँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) असलेली हवी, आणि कॅमेऱ्याच्या दोन सी-पोर्टपैकी चार्जिंगचा एकच आहे, दुसऱ्यात लावून चार्ज होत नाही.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात. डी५६०० आणि एएफ-पी डीएक्स ७०-३०० मिळून ८८० ग्रॅम. झेड ८ चे ९१० आणि निकॉनच्या १८०-६०० लेन्सचे तिकाटण्याच्या कॉलरसह २१४० मिळून तीन किलोच्या वर. १८०-६०० झूम करताना लांब होत नाही आणि रिंग थोडीच फिरवावी लागते, म्हणून तोल बिघडत नाही. हिपरगा तलावाच्या बांधावर हाताने तासभर चालेल. त्यापुढे मोनोपॉड. गाडीत मात्र तांदळाची किंवा वाळूची पिशवी खिडकीच्या काचेवर टाकून त्यावर लेन्स ठेवणं सर्वांत स्थिर.

न आवडलेलं आणखी एक. प्रवेश-श्रेणीच्या कॅमेऱ्यावरून येणाऱ्याला डायलवर यू१-यू२ सारखी साठवलेली सेटिंगं हवी असतात, ती इथे नाहीत. त्याऐवजी मेनू बँका आहेत. फोटोच्या मेनूची बँक वेगळी, कस्टम सेटिंगची वेगळी, आणि बँकेत असताना काही बदललं की तोच बदल कायमचा साठतो. उडत्या पक्ष्यांची बँक यात्रेत वापरून बिघडवली की पुढच्या फेरीला सगळं पुन्हा लावावं लागतं. सगळं मनासारखं लावून झालं की सेटिंगं कार्डावर साठवून त्या फाइलची प्रत घरी ठेवा.

लेन्सबद्दल. डीएसएलआरच्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या एफटीझेड २ अ‍ॅडॉप्टरवर जुन्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकससह चालतात. जुन्या एएफ-डी लेन्सना मोटर नसते, त्या हाताने फोकस कराव्या लागतात. डीएक्स लेन्स लावली की कॅमेरा आपोआप १९.४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर जातो.

म्हणून मुख्यतः पक्ष्यांसाठी बदल करायचा असेल आणि पैसे एकदम निघत नसतील, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: आधी लेन्स. एएफ-एस २००-५०० एफ/५.६ वापरलेली, चांगल्या स्थितीतली मिळते. ती आजच डी५६०० वर बसते, तिथे तिचा आवाका फुलफ्रेमवरच्या ७५० मिमीइतका होतो, आणि उद्या एफटीझेड २ वर झेड ८ लाही चालते. तिचा फोकस जरा सावकाश आहे, उडत्या पक्ष्याला कमी पडतो, पण उजनीच्या काठावरचे रोहित आणि माळावर उभे काळवीट यांना पुरतो. ज्यांचं मुख्य काम गड्डा, लग्नं आणि मिरवणुका आहे त्यांनी १८०-६०० च्या मागे न लागता बॉडीसोबत २४-१२० एफ/४ घ्यावी. ६३० ग्रॅमची ही लेन्स गर्दीत सर्वांत उपयोगी पडते. अंगभूत फ्लॅश झेड ८ मध्ये नाही, हे लग्नवाल्यांनी बजेटमध्ये धरावं.

वापरलेली बॉडी घेताना यांत्रिक शटर नसल्याने ‘किती क्लिक झाले’ हा प्रश्न पूर्वीइतका महत्त्वाचा राहत नाही. तपासायचं ते दुसरंच. जीएसटीचं बिल आणि त्यावरचा सिरियल क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळतो का. दोन्ही कार्डखणांत स्वतःची कार्डं घालून पाच सेकंदांचा बर्स्ट. लेन्स लावताना-काढताना माउंट घट्ट अडकतो का: २०२३ मध्ये काही बॉडींच्या माउंटबद्दल आणि पट्ट्याच्या कड्यांबद्दल कंपनीने स्वतः सूचना काढून सिरियल क्रमांकानुसार मोफत दुरुस्ती दिली होती, ती झाली आहे का ते विचारा. शेवटी पट्ट्याची दोन्ही कडी बोटांनी धरून हलवा. जरासुद्धा हलत असतील तर तीन किलोची जोडी त्या पट्ट्यावर लटकवू नका. लांब लेन्स लावलेली असेल तेव्हा पट्टा बॉडीऐवजी लेन्सच्या कॉलरवरच अडकवा.